१५–१४ आणि १५–० : पूलच्या स्कोअरमागचं गणित

२०२४ साली जेद्दात जागतिक नाइन-बॉल पूल अजिंक्यपदाची फायनल झाली. आधी पंधरा डाव घेईल तो जगज्जेता, असा हिशेब. फेडॉर गोर्स्ट आणि अल्बानियाचा एकलेंत काची १४–१४ वर येऊन ठेपले आणि शेवटचा डाव गोर्स्टने मारला. पुढच्या वर्षी त्याच शहरात गोर्स्ट पुन्हा फायनलला पोचला, तेव्हा फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोने त्याला १५–१३ असं हरवलं.

आता दोन्ही फायनल शेजारी ठेवून बेरीज करा. गोर्स्टने जिंकलेले डाव २८, हरलेले २९. एकूण हिशेबात तो एका डावाने तोट्यात, पण कपाटात एक जागतिक करंडक. तेच २८ डाव १४–१५ आणि १४–१५ असे विभागले असते तर? प्रश्न खुळचट वाटेल, पण पूलमध्ये स्कोअर वाचायचा कसा, हे त्यातच दडलेलं आहे. सामना संपला की लोक लगेच ‘आज अमुक फारच भारी खेळला’ म्हणून मोकळे होतात. आकडे इतक्या घाईने बोलत नाहीत.

खेळ थोडक्यात

टेबलावर १ ते ९ नंबरचे बॉल आणि एक पांढरा. पांढऱ्याने दर वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान नंबरला आधी स्पर्श करायचा. त्यानंतर कुठलाही बॉल पॉकेटमध्ये गेला तरी पाळी चालू राहते. नऊ नंबर ज्याच्या हातून नियमानुसार जाईल, डाव त्याचा. मधले आठ कुणी घालवले याला स्कोअरमध्ये शून्य किंमत. पहिल्या फटक्याला, म्हणजे ब्रेकला, चौकटीत रचलेले बॉल फुटतात. ब्रेकवर काही पडलं की तोच पुढे खेळतो.

आपल्याकडे कॅरम खेळलेल्या माणसाला हे चटकन कळेल. व्हाईट स्लॅम बसतो तेव्हा समोरचा नुसता बसून बघतो. त्याच्या हातात स्ट्रायकर येतच नाही. पूलमध्ये ब्रेक करून नऊपर्यंत एका पाळीत टेबल साफ करणं हे तसंच. फरक एवढाच, की जागतिक दर्जाच्या पूलमध्ये ही नेहमीची बाब आहे. त्यामुळे एखादा खेळाडू ६–१३ असा हरतो तेव्हा तो वाईट खेळला की त्याला खेळायलाच मिळालं नाही, हे स्कोअरवरून कळत नाही.

जास्त चांगला खेळाडू किती वेळा जिंकतो?

पूलमध्ये हल्ली खेळाडूंची ताकद मोजायला फार्गो रेट नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरावरून हे नाव आलं. बुद्धिबळातल्या एलो रेटिंगच्याच कुळातली ही पद्धत. तिचा मूळ नियम एका ओळीत सांगता येतो: दोघांच्या रेटिंगमध्ये १०० गुणांचं अंतर असेल, तर वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट डाव जिंकेल. म्हणजे तीनपैकी दोन डाव. अंतर २५ गुणांचं असेल तर शंभरपैकी साधारण ५४. जगातले अव्वल खेळाडू ८०० च्या वर एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे मोठ्या फायनलमध्ये २५ गुणांचा फरकही बराच म्हणायचा.

आता सामन्याची लांबी बदलत जाऊ. १०० गुणांनी सरस असलेला खेळाडू एकच डाव खेळला तर ६७ टक्के वेळा जिंकेल. पाच डावांची शर्यत असेल, म्हणजे आधी पाच डाव घेईल तो विजेता, तर ८६ टक्के. पंधराची असेल तर ९७ टक्के. इथपर्यंत ठीक आहे. सामना लांबला की चांगला खेळाडू वर येतो.

पण २५ गुणांच्या अंतराचं चित्र बघा. पाचच्या शर्यतीत ६० टक्के, पंधराच्या शर्यतीत ६८. म्हणजे जो खरोखरच सरस आहे, तो पंधरापर्यंत खेळूनही तीनपैकी जवळजवळ एक सामना हरेल. त्या दिवशी त्याचं काही चुकलेलं असेलच असं नाही. पत्रकार मग ‘मानसिक कणखरता कमी पडली’ असं लिहितात, आणि ते खोडून काढायला कुणाकडे काही नसतं.

तीन दिवस खेळले तरी नाही का ठरत?

हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. १९९६ मध्ये हाँगकाँगला एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलंड यांच्यात १२० डावांची शर्यत लावली गेली. तीन दिवस खेळ, जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. फिलिपिन्सचा रेयेस आणि अमेरिकेचा स्ट्रिकलंड ही त्या काळातली दोन सर्वांत मोठी नावं. रेयेस मधल्या टप्प्यात बराच मागे पडला होता, तिथून तो वर आला आणि १२०–११७ असा जिंकला.

एकूण डाव २३७. रेयेसचा वाटा ५०.६ टक्के. समजा दोघं अगदी तोडीस तोड होते आणि प्रत्येक डाव नाणं उडवून ठरवला. २३७ वेळा नाणं उडवलं तर छापा आणि काटा यांच्यात साधारण १५ चा फरक पडणं ही रोजची गोष्ट आहे. इथे फरक तीनचा. त्यामुळे या सामन्यावरून ‘रेयेस सरस’ असा निष्कर्ष काढायला आकड्यांचा काडीचाही आधार नाही. संख्याशास्त्रातल्या नेहमीच्या पद्धतीने अंदाज किती चुकू शकतो याची मर्यादा धरली तर रेयेसची डाव जिंकायची खरी क्षमता ४४ ते ५७ टक्के यांच्यामध्ये कुठेही असू शकते. गोर्स्टच्या दोन फायनलचे ५७ डाव धरले तर हीच मर्यादा ३६ ते ६२ टक्के इतकी ऐसपैस होते. एवढ्या मोठ्या जाळ्यात कुठलाही मासा मावतो.

आणि मोठी आघाडी? तीही दिसते तितकी विलक्षण नसते. नाणं उडवून इतका लांब सामना ठरवला, तरी चारपैकी तीन वेळा कुणी ना कुणी कधीतरी १३ डावांनी पुढे जाईलच. बघणाऱ्याला मात्र तिथे ‘वर्चस्व’ दिसतं आणि नंतर ‘पुनरागमन’ दिसतं.

याचा अर्थ रेयेसचा विजय नशिबाचा होता असा नाही. तो शर्यत जिंकायला बसला होता आणि शर्यत जिंकला. क्षमता मोजणं हा वेगळा उद्योग, आणि २३७ डाव त्याला पुरले नाहीत, एवढंच.

ब्रेक जिंकणाऱ्यालाच देणं हा अन्याय नाही का?

पूलमध्ये ब्रेकच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत ब्रेक पाळीपाळीने मिळतो. दुसरीत जो डाव जिंकेल तोच पुढचा ब्रेक करतो. ब्रेक हा फायदा आहे, हे सगळे मानतात. मग दुसरी पद्धत म्हणजे पुढे असलेल्याला आणखी पुढे ढकलणं, अशी तक्रार नेहमीच ऐकू येते. ऐकायला ती बरोबर वाटते. ती चूक आहे, आणि का चूक आहे ते बघण्यात खरी गंमत आहे.

सोयीसाठी तीन डावांची शर्यत घेऊ. खेळाडू ‘अ’ आणि ‘ब’. पहिला ब्रेक अ-चा. समजा सामन्याआधीच आपण निकाल लिहून ठेवले: अ-च्या तीन ब्रेकवर काय होईल आणि ब-च्या दोन ब्रेकवर काय होईल. एकूण पाच निकाल. आणि समजा त्यात दोघंही आपापल्या ब्रेकवर दर वेळी जिंकतात.

पाळीपाळीने खेळलं तर: अ, ब, अ, ब, अ. सामना ३–२, विजेता अ.

जिंकेल त्याचा ब्रेक असेल तर: अ ब्रेक करतो, जिंकतो, पुन्हा ब्रेक, पुन्हा जिंकतो, पुन्हा. सामना ३–०, विजेता अ.

विजेता तोच, स्कोअर पार वेगळा. ब-च्या ब्रेकचे दोन निकाल कागदावर तसेच राहिले, त्यांची पाळीच आली नाही. हेच पंधराच्या शर्यतीत केलं तर एका पद्धतीत १५–१४ आणि दुसरीत १५–०. एकाला लोक दशकातला सर्वोत्तम सामना म्हणतील, दुसऱ्यात अर्ध्यावर चॅनल बदलतील. दोघांचा खेळ मात्र दोन्हीकडे बॉलनिशी तोच.

हा योगायोग नाही. जिंकेल त्याचा ब्रेक असला तरी अ-ला सामना संपेपर्यंत पंधरापेक्षा जास्त ब्रेक मिळूच शकत नाहीत: पहिला एक, आणि त्यानंतर जिंकलेल्या डावांमागे एक-एक, पंधरावा जिंकला की सामना संपला. ब-लाही चौदापेक्षा जास्त मिळू शकत नाहीत. पाळीपाळीने खेळलं तरी मर्यादा याच, पंधरा आणि चौदा. म्हणजे दोन्ही पद्धती त्याच २९ निकालांच्या यादीतून आपापल्या क्रमाने वाचत जातात, आणि यादीत ज्याचे पंधरा आहेत तो दोन्हीकडे जिंकतो. सर्व्हिस असलेल्या खेळांबाबत गणितज्ञांनी ही गोष्ट १९७० च्या दशकातच सिद्ध करून ठेवली आहे.

एक अट आहे. ब्रेकवर जिंकायची शक्यता सामनाभर तीच राहते, हे इथे गृहीत आहे. खुर्चीत बसून हात गार पडले, तासभर क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, हात लागला नाही, असल्या गोष्टी या गणितात नाहीत. खेळाडू त्याबद्दल बोलतात आणि त्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. पण मग तक्रार बसून राहण्याची असते. ब्रेकच्या न्यायाचा प्रश्न त्यात येत नाही.

मग सलग दहा डाव, त्याचं काय?

२०२१ च्या यूएस ओपन फायनलमध्ये बियाडो सिंगापूरच्या अलॉयशियस याप्पकडून ३–८ असा मागे होता. तिथून त्याने सलग दहा डाव घेतले आणि १३–८ असा जिंकला. ‘अंगात आलं होतं’ यापलीकडे याला स्पष्टीकरण आहे का?

पुन्हा दोघं तोडीस तोड धरू, आणि समजा ब्रेक करणारा ६० टक्के डाव जिंकतो. पाळीपाळीच्या ब्रेकने एखाद्याला दहा सलग डाव घ्यायचे तर पाच स्वतःच्या ब्रेकवर आणि पाच समोरच्याच्या ब्रेकवर घ्यावे लागतील. शक्यता १२५० त एक. जिंकेल त्याचा ब्रेक असेल आणि ब्रेक हातात असताना मालिका सुरू झाली, तर तीच शक्यता १६५ त एक. कौशल्य तसूभरही बदललं नाही, फक्त नियम बदलला आणि चमत्कार साडेसातपट स्वस्त झाला. शिवाय वर्षभरात शेकडो मोठे सामने होतात आणि प्रत्येकात मालिका सुरू व्हायच्या अनेक जागा असतात. आपल्या लक्षात राहते ती जमलेली मालिका. चार डावांवर अडकलेल्यांची नोंद कोण ठेवतो!

स्ट्रिकलंडची १९९६ ची दुसरी गोष्ट याहून मजेदार आहे. डॅलसमध्ये एका स्पर्धेत ब्रेक करून सलग दहा डाव एका पाळीत साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. बक्षिसाचा विमा काढलेला होता. स्ट्रिकलंडने ते करून दाखवलं, तेही स्पर्धेच्या सुरुवातीलाच, आणि पुढे पैशांवरून वाद झाला तो झालाच. विमा उतरवणाऱ्याच्या जागी बसून बघा. एक डाव साफ करायची शक्यता ३० टक्के धरली तर सलग दहाची शक्यता सुमारे १ लाख ७० हजारांत एक. ४० टक्के धरली तर साडेनऊ हजारांत एक. ५० टक्के धरली तर हजारात एक. सुरुवातीच्या अंदाजात वीस टक्के इकडेतिकडे झाले आणि धोका दीडशे पटींनी वाढला.

आणि डाव एकमेकांपासून स्वतंत्र असतात हे गृहीतकही इथे डळमळतं. टेबल तेच, कापड तेच, बॉल तेच. ब्रेकला एकदा योग्य वेग आणि कोन सापडला की चौकटीच्या कडेचा बॉल, खेळाडू ज्याला विंग बॉल म्हणतात तो, दर वेळी त्याच कोपऱ्याच्या पॉकेटात जायला लागतो. एका यशाने पुढच्या यशाची शक्यता वाढते. याच्यावर तोडगा म्हणून आता मोठ्या स्पर्धांत टेबलावरच्या ठिपक्यावर एक नंबरच्या ऐवजी नऊ नंबरचा बॉल ठेवतात. त्याने सगळी चौकट पुढे सरकते आणि विंग बॉलचा हुकमी रस्ता बंद होतो. सलग मालिकांमागे ‘लय’ किती आणि ‘सापडलेला ब्रेक’ किती, हा प्रश्न निदान काही सामन्यांत तरी दुसऱ्या बाजूला झुकतो, असं मला वाटतं.

चांगलं कोण खेळलं, हे मोजता येतं का?

येतं, पण डाव मोजून नाही, फटके मोजून. अमेरिकी खेळाडू पॅट फ्लेमिंग यांनी १९८० च्या दशकात अ‍ॅक्यू-स्टॅट्स नावाने ही पद्धत रुजवली. सूत्र अगदी साधं: पॉट केलेले बॉल भागिले (पॉट केलेले बॉल अधिक चुका). ९० बॉल आणि १० चुका म्हणजे ०.९००, आणि ०.९०० च्या वर म्हणजे जागतिक दर्जा.

चूक म्हणजे फक्त हुकलेला बॉल नव्हे. पांढरा भलतीकडे थांबवला, बचावाचा फटका मारताना समोरच्याला मोकळं टेबल दिलं, कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवर आपटून, मारताना बॉलला लागलंच नाही, ब्रेकवर पांढराच पॉकेटात गेला, या सगळ्या चुका.

एक डाव सावकाश बघू. अ ब्रेक करतो, पाच नंबर पडतो. मग तो एक आणि दोन घालवतो, पण दोन मारताना पांढरा चार बोटं जास्त धावतो आणि सातच्या मागे लपतो. आता तीन दिसतच नाही. पोझिशनची चूक, एक. तो कुशनवरून मारून तीनला लावतो. त्या जागेवरून याहून बरं काही शक्य नव्हतं, म्हणून ही चूक धरत नाहीत. पण तीन मोकळा पडतो. ब उठतो, तीन, चार, सहा, सात, आठ घालवतो. नऊ सरळ समोर, कोपऱ्यात. तो हुकतो आणि पॉकेटच्या तोंडावर लटकतो. अ येतो आणि नुसता ढकलतो.

स्कोअर १–० अ. फटक्यांची वही वेगळं म्हणते: अ-चे चार बॉल, एक चूक, ०.८००. ब-चे पाच बॉल, एक चूक, ०.८३३. हरलेला किंचित चांगला खेळला.

पण सगळ्या चुका सारख्या कशा?

हा आक्षेप रास्त आहे. समोरचा नऊ हुकणं आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पातळ कट हुकणं, वहीत दोन्ही एकच. अवघड फटका मारायला न धजता बचाव खेळणाऱ्याचा आकडा चांगला दिसतो, आणि बेधडक खेळणाऱ्याला भुर्दंड बसतो. त्यात नोंद घेणाऱ्याचा निवाडाही आला: पांढरा ‘भलतीकडे’ थांबला की मुद्दाम तिथे थांबवला, हे दर वेळी उघड नसतं.

तरीही ही पद्धत उपयोगी पडते, कारण एका सामन्यात डाव जेमतेम २५-३० होतात, पण फटके शेकड्यांनी होतात. नमुना मोठा, म्हणून नशिबाचा वाटा लहान. स्कोअर सारखा असलेल्या सामन्यात एकाचा आकडा ०.९१० आणि दुसऱ्याचा ०.८४० आला, तर तिथे काहीतरी सांगण्यासारखं घडलंय असं खुशाल धरावं. ०.८९० आणि ०.८८० मध्ये अर्थ शोधू नये.

मला त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट मोजायला आवडते: मोकळं टेबल मिळालं तेव्हा किती वेळा डाव पुरा केला. एखाद्याला अख्ख्या सामन्यात असं टेबल सातदा मिळालं, त्याने सहा डाव घेतले आणि तो ६–१३ हरला, तर त्याच्या खेळात काय कमी होतं? फार तर त्याचे ब्रेक आणि बचाव तपासावेत.

मग जगज्जेता म्हणजे सर्वांत चांगला खेळाडू नाही?

असेलही. पण स्पर्धा ते ठरवण्यासाठी बांधलेली नसते. समजा एक खेळाडू बाकी सगळ्यांपेक्षा ५० गुणांनी वर आहे. या पातळीवर हे फार मोठं अंतर झालं. पंधराच्या शर्यतीत तो कुणालाही ८३ टक्के वेळा हरवेल. ६४ जणांच्या बाद फेरीत त्याला असे सहा सामने सलग जिंकावे लागतात, आणि ८३ टक्के सहा वेळा गुणले की उरतात ३३ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन वर्षं करंडक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात.

शर्यत लांब करून हे सुधारता येतं, पण दर सामना १२० पर्यंत कोण बघणार? आयोजकांचा कल उलट्या दिशेने असतो. अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या मॉस्कोनी कपमध्ये शर्यत फक्त पाचची असते. तिथे १०० गुणांनी सरस खेळाडूही सातपैकी एकदा हरतो, ५० गुणांनी सरस असलेला दहापैकी तीनदा, आणि तिकिटं संपलेली असतात.